आंगणेबाई आणि चार बँडचा सेट

आंगणेबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत किती जणांना मारलं हे मी मोजलेलं नाही. पण त्यातला एक मी होतो, हे आधीच सांगून टाकतो.

मला त्यांनी लोखंडी पट्टीने मारलं, उजव्या हाताच्या बोटांवर, बरोबर हाडावर. तेव्हा मी साठीला आलेला माणूस होतो. मरोळच्या वसाहतीत उभा जन्म फॅब्रिकेशन केलं. मी वळवलेले जिने आणि गेट अजून अंधेरीत उभे आहेत, जाऊन बघा. त्या दिवशी बाईंच्या गच्चीवर एरियलचा खांब उभा करून खाली आलो. टेबलावर हातात धरायचा रेडिओ पडला होता, कुतूहल म्हणून उचलला आणि बाजूचं बटण दाबलं. सट्‌कन पट्टी बसली.

"मेल्या, एरियल लावलंय का त्याला? आतून जळतो तो! आणि परवाना आहे तुझ्याकडे?"

"नुसतं बटण तर दाबलं, बाई."

"परवाना नाही तर बटण नाही. ऐकायचं तेवढं ऐक. ऐकायला कोण नाय म्हणत नाय."

चार दिवस मी त्यांच्या खोलीवरून मान वळवून गेलो. पाचव्या दिवशी त्या गॅलरीतून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मिस्त्री, तुझा खांब हलतोय! लाज आहे का?" माझा खांब हलतो? मी पाना घेऊन धावत वर गेलो. खांब हलत नव्हता. बाईंनी चहा टाकला होता.

तर अशा बाई. घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ, तिच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची कोपऱ्यातली खोली. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, अंगाने वाळलेल्या आमसुलासारख्या. टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर म्हणून जन्म काढला, त्यामुळे आवाज असा की भिंतीपलीकडचा माणूस उठून उभा राहील. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका देवळात जातात, या रेडिओवर बसायच्या. हौशी रेडिओ म्हणतात त्याला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःच्या नावाची एक खूण मिळते, आणि मग बिनतारी यंत्रावरून कुठल्या कुठल्या माणसांशी बोलायचं. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत. मला त्या म्हणाल्या होत्या, "तूही बस परीक्षेला, मी शिकवते." मी म्हटलं, चौथीत नापास झालेला माणूस आता म्हातारपणी कोणापुढे पेपर लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, "मग बस बोंबलत." विषय संपला. परवाना मी काढला नाही आणि त्याचं मला दुःखही नाही.

नवऱ्याची गोष्ट सगळ्या चाळीला ठाऊक आहे. गिरणी बंद पडल्यावर आंगणे घरी बसला. बसला आणि प्यायला लागला. बायको कानाला यंत्र लावून परक्या पुरुषांशी बोलते हे त्याला खपेना. एकदा दुपारी बाई सोल्डर करत बसल्या होत्या. हा मागून आला, वायरी ओढून तोडल्या आणि बाईंचं डोकं टेबलावर आपटलं. "कोण रे तो तुझा? कुठला? मद्रासचा?" दुसऱ्यांदा आपटायला केस धरले तेव्हा बाईंनी हातातली तापलेली सळई त्याच्या दंडाला लावली. उचलली नाही, लावूनच ठेवली. त्याची किंकाळी मी खाली नळावर ऐकली. वर गेलो तर खोलीत जळक्या केसांचा वास, बाईंच्या कपाळातून रक्त गळतंय, आणि त्या जमिनीवर बसून त्याच दंडाला बरनॉल लावतायत. "हलू नको रे. सालपट निघेल." त्यानंतर तो त्यांच्याबरोबर अकरा वर्षं राहिला आणि एकदाही हात उचलला नाही. मेला तेव्हा बाई इतक्या रडल्या की बायकांना धराव्या लागल्या.

मला ती सळई आवडली नव्हती. आजही आवडत नाही. पण टेबलावर आपटलेलं डोकं त्याहून कमी आवडलं.

आमच्या टेकडीवर सतरा घरं अगदी कड्याखाली आहेत. वरचा दगड दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटतो. एका वर्षी एक धोंडा घरंगळत येऊन संडासाच्या भिंतीत घुसला, नशिबाने आत कोणी नव्हतं. तेव्हा बाईंनी ठरवलं की पावसाळाभर कड्यावर पहारा ठेवायचा, चार ठिकाणी चार माणसं. दगड हलला की वरून हाक, खाली घरं रिकामी. मोबाइलचा तिथे भरवसा नाही, टेकडीच्या मागे गेलं की नेटवर्क मरतं. म्हणून हातातले रेडिओ. पण परवान्याशिवाय बटण नाही, म्हणून बाईंनी चार जणांना धरून शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, कुटलं. सर्वांत हुशार निघाली शेवंता, त्या सतरा घरांतलीच सून. आठवी शिकलेली, लोकांकडे पोळ्या करायला जाणारी. पहिल्या फटक्यात पास झाली. परवान्याचा कागद आला त्या दिवशी तिने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि सासूने त्याला हळदकुंकू वाहिलं.

आता सेट कुठला घ्यायचा? त्याच्यावरून जे रण माजलं ते सांगतो.

घाटकोपरचाच शाह म्हणून एक रेडिओवाला होता. तो पिशवीभर सेट घेऊन बाईंच्या खोलीत आला. बाईंची अट एकच. "मोडेल तो तुझा, टिकेल तो माझा."

"बेन, मोडेल म्हणजे?"

बाईंनी पहिला सेट उचलला, डोक्याइतका वर नेला आणि खाली कोब्यावर आपटला. बॅटरी एका कोपऱ्यात, झाकण माझ्या पायाशी.

"अरे बेन! हे काय करता, बेन!"

"दरड काय हळू हात लावणार आहे त्याला? दुसरा दे."

दुसरा टिकला तर त्याला बादलीत बुडवला, त्याच्या पोटात पाणी गेलं. तिसऱ्याचं एरियल दाराच्या फटीत धरून दार लोटलं. शाह डोकं धरून कॉटवर बसला. मध्येच उठून त्याने बाईंच्या हातातला सेट हिसकायला बघितलं, तर बाईंनी त्याला असा ढकलला की तो मांडणीवर जाऊन पडला आणि चार पातेली खाली आली. मी हसलो. बाई म्हणाल्या, "हसतोस काय, पातेली उचल."

शेवटी दोन उरले. एक दोन बँडचा, ठोकळ्यासारखा, पडदा नाही, वर नुसता फिरवायचा खटका. दुसरा चार बँडचा, रंगीत पडद्याचा, सोळा बटणं. बँड म्हणजे लहरींचा पट्टा. बाईंनी सगळ्यांना समजावलं की लांब लहर टेकडीला वळसा घालते, आखूड लहर घराघरांच्या फटींतून शिरते. आपल्याला हे दोनच लागतात, बाकीचे दोन शोभेचे.

मी म्हटलं, "बाई, चार ते चार. त्याच पिशवीतून चार बँड मिळतायत तर दोन का घ्यायचे? आणि हा दोन ठिकाणचं एकदम ऐकतो."

"तोच तर त्याचा रोग आहे. दोन कान आणि एक तोंड. शेवटी ज्या कानात कोणी बोललं, त्याच बाजूला तोंड उघडतो. माणूस समजतो मी आपल्या लोकांशी बोलतोय, आणि बोलतो भलत्याशी."

"मग दुसरा कान बंद ठेवा की."

"आणि कोणी उघडला तर?"

"कोण उघडतोय, बाई? तुम्ही काय सगळ्यांना लहान समजता?"

मी हट्टाला पेटलो की सोडत नाही. पहाऱ्यावरच्या चौघांना माझ्या बाजूने केलं. रंगीत पडदा बघून ते आधीच अर्धे आले होते. दोन तास भांडण. बाईंनी एकाच्या थोबाडीत दिली, तरी तो म्हणाला चार बँडचाच पाहिजे. सगळ्या आयुष्यात बाईंना माघार घेताना मी तेवढं एकदाच पाहिलं. चारही सेटमधला दुसरा कान त्यांनी स्वतः बंद केला आणि म्हणाल्या, "हा उघडा दिसला तर बोटं तोडीन."

श्रावणातली गोष्ट. आठ दिवस कोसळून पाऊस थांबला होता आणि कडक ऊन पडलं होतं. सतरा घरांनी गोधड्या वाळत टाकल्या होत्या. सकाळी दहाच्या सुमाराला मी शेवंतासाठी कड्यावरच्या चौकीत पत्र्याचा आडोसा ठोकायला गेलो होतो. ती पाणी आणायला दहा पावलं खाली गेली. सेट फळीवर होता.

मी तो उचलला. बोलायचं बटण मी दाबलं नाही, ते पट्टीपासून कधीच दाबलं नाही. पण बिचारी दिवसभर एकटी बसते, बाईंच्या ओळखीचा बोरिवलीचा एक हौशी म्हातारा रोज सकाळी त्याच्या पट्ट्यावर गप्पा मारतो, तेवढीच तिला करमणूक. शाहने दाखवलं होतं कुठली कळ. मी दुसरा कान उघडला आणि सेट जागच्या जागी ठेवला. ती आली, मी हातोडी घेऊन खाली उतरलो. पाठीमागून बोरिवलीच्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला आणि शेवंताचं हसू. तिला वाटलं असेल, आपोआप लागलं.

अर्ध्या तासाने कडा फाटला.

शेवंताने सांगितलं ते असं. आधी बारीक खडे आले, मग कड्याला आडवी भेग पडली, हात जाईल एवढी. तिने बटण दाबून तीनदा हाक मारली, "दरड! घरं खाली करा! दरड!" पण त्याच्या आधी शेवटचं बोलला होता बोरिवलीचा म्हातारा. तिची हाक गेली बोरिवलीला. खाली बाईंच्या टेबलावर रेडिओ चालू होता, त्यात चिटपाखरूही नाही. टेकडीवरच्या बाकी तिघांच्या कानात काही नाही. शेवंताला उत्तर येईना, तेव्हा ती सेट फेकून, टेकडीला वळसा घालणाऱ्या लांबच्या पायवाटेने ओरडत उतरायला लागली. बोरिवलीचा म्हातारा शहाणा, रेडिओवर उत्तर देत न बसता त्याने थेट बाईंना फोन लावला. पण तो लागेपर्यंत मधली मिनिटं गेली ती गेली.

बाई जिन्यावरून उतरल्या त्या अनवाणी. मी गेटपाशी होतो, मागे धावलो. वर पोचल्यावर त्यांनी जे केलं ते बघून एखाद्याला वाटलं असतं, ही बाई घरं लुटायला आली. पहिल्या घराच्या दारावर दगड घातला. कडी तुटली, आतल्या बाईला वेणीला धरून बाहेर फेकली. दुसऱ्या घरात पुरुष झोपला होता, त्याच्या कमरेत लाथ. एक जण टीव्ही काढायला परत शिरला. बाई त्याच्या मागे गेल्या, टीव्ही त्याच्या हातातून खाली पाडला, फुटला, आणि त्याला फाडफाड मारत बाहेर आणला. "टीव्ही व्हयो की जीव व्हयो तुका? चल भायर!" त्याने बाईंच्या मनगटाला चावा घेतला. बाईंनी कोपर मारलं, त्याचा दात पडला. तो आज जिवंत आहे आणि तो दात नसलेलं तोंड घेऊन बाईंना शिव्या देत फिरतो. मीही दोघींना ओढलं. एक तान्हं पोर मी छातीशी धरून पळालो, एवढं मला आठवतं.

सोळा घरं रिकामी झाली. सतरावं शेवंताचं. नवरा महेश कामावर होता. सासू मोरीत आंघोळ करत होती, आतून कडी, पाण्याचा आवाज. बाई त्या दाराला भिडल्या, पहिला धक्का मारला, आणि मी त्यांना पदराला धरून मागे खेचलं. त्यांनी मला गुद्दे मारले. तेवढ्यात वरून आलं. त्या आवाजाचं मला काही लिहिता येणार नाही. उठलो तेव्हा समोर घर नव्हतं, ओली लाल माती होती आणि एक गोधडी.

म्हातारी दुसऱ्या दिवशी मिळाली.

तिसऱ्या दिवशी चाळीच्या पटांगणात सगळे जमले होते. महेश शेवंताला केसांना धरून घेऊन आला. तिचा ओठ आधीच फुटलेला होता.

"सांग सगळ्यांना! बटण दाबलंस का?"

"दाबलं हो. तीनदा दाबलं."

"मग ऐकलं कोणी? तू ऐकलंस? तू?" तो एकेकाला विचारत होता आणि प्रत्येक प्रश्नाला तिला एक ठोसा. "गप्पा मारत बसली होती! माझी आई मेली आणि ही गप्पा मारत होती!"

गर्दीतून कोणी म्हणालं, बोरिवलीवाल्याशी बोलत होती म्हणे. मग दुसऱ्याने म्हटलं, मग तिसऱ्याने. एका बाईने चप्पल काढली. मी तिथेच होतो, नळाच्या कठड्याला टेकून. माझ्या तोंडाला एका वाक्याचं काम होतं. मी ते केलं नाही.

आंगणेबाई गर्दी कोपराने फोडत आत आल्या. हातात शेवंताचा सेट होता, कड्यावर शोधून आणलेला, पडद्याला चीर गेलेली. त्यांनी सगळ्यांसमोर तो चालू केला. पडद्यावर दोन ओळी दिसत होत्या, दुसरा कान उघडा. त्यांनी बोरिवलीच्या म्हाताऱ्याला फोन करून त्याच्या पट्ट्यावर बोलायला सांगितलं. तो बोलला. मग बाईंनी बटण दाबून हाक मारली. शेजारी धरलेल्या टेकडीच्या दुसऱ्या सेटमध्ये काही आलं नाही. बोरिवलीहून उत्तर आलं, "ऐकतोय, बाई."

"बघितलंत? पोरीने हाक मारली. हाक भलतीकडे गेली."

महेश म्हणाला, "हे कोणी चालू केलं?"

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावरूनही. थांबली नाही.

"मी. सेट माझा, निवड माझी, बंद करायचं काम माझं. राहून गेलं. तुझ्या आईला मी मारलं, हिने नाही."

महेशने शेवंताचे केस सोडले आणि बाईंच्या कानशिलात मारली. उघड्या पंजाची, पूर्ण ताकदीची. बाई नळाच्या खांबावर आपटल्या. मी वाट बघत होतो की आता उठतील, आता त्याला फाडतील. सगळी चाळ तीच वाट बघत होती. बाई उठल्या, पदर सारखा केला. डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर आली होती. दोन्ही हात खाली.

"आणखी मारायचं असेल तर मार. पण हिच्या अंगाला परत हात लावलास तर मी तुला सोडणार नाही. तुझं भांडण माझ्याशी आहे."

महेश तिथेच मातीत बसला आणि आईच्या नावाने ओरडायला लागला. शेवंता त्याच्याजवळ गेली नाही, बाईंजवळ गेली.

गर्दी पांगल्यावर बाईंनी तो चीर गेलेला सेट माझ्या हातात दिला. "मिस्त्री, हा तुझ्याकडे ठेव." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तो अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

बाईंच्या डाव्या कानाचा पडदा फाटला तो फाटला. डॉक्टर म्हणाले, वयामुळे जुळायचा नाही. ज्या बाईने जन्मभर कानावर भाकरी खाल्ली तिला एका बाजूचं जग बंद झालं. पुढच्या पावसाळ्याआधी शाह पुन्हा पिशवी घेऊन आला, या वेळी दारातच उभा राहून. बाईंनी एकही सेट आपटला नाही. शेवंताला म्हणाल्या, "तू निवड." पावसात हात निसरडे होतात म्हणून शेवंताने दोन्ही हातांना साबण लावला, डोळे मिटले आणि एकेक सेट चाचपून बघितला. ज्याला बघावं लागतं तो बाजूला. शेवटी दोन बँडचा ठोकळा हातात राहिला. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुझं काय म्हणणं?" मी म्हटलं, "चांगला आहे."

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाई मुलुंडला भाचीकडे राहायला गेल्या. खोलीची किल्ली शेवंताकडे दिली, टेबल आणि मोठा रेडिओही तिच्याकडे. सामान एवढंसं, एक ट्रंक आणि वायरींचा डबा. ट्रंक मी खाली आणली आणि रिक्षात ठेवली. बाई आत बसल्या, ट्रंकेवर हात ठेवून. महेशसुद्धा आला होता, लांब उभा होता. बाईंनी त्याला हाताने बोलावून डोक्यावर टपली मारली, तशी जोरातच मारली. तो वाकून पाया पडला.

मग मी पुढे झालो. रिक्षाला टेकून, बाईंच्या अगदी जवळ जाऊन बोललो. सगळं बोललो. दुसरा कान मी उघडला होता, शेवंता पाणी आणायला गेली तेव्हा. तुम्ही त्याचा मार खाल्लात. एवढं सगळं मी हलक्या आवाजात, एका दमात सांगितलं. आयुष्यात कोणापुढे इतका वाकलो नव्हतो.

बाई समोर बघत होत्या. मग त्यांनी रिक्षावाल्याच्या पाठीत थाप मारली, "चल रे, बसलास काय?" आणि रिक्षा वळली.

मी बाईंच्या डाव्या बाजूला उभा होतो. चुकून नाही.